वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती वेळात पोचते?

ज्यांचा हा भाग ऐकायचा राहिला, किंवा जे कंपनीच्या बसमध्ये बसलेत आणि हेडफोन घरीच विसरलेत, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललो तेच इथे आहे, फक्त माझे "म्हणजे" आणि "तर" थोडे कमी केलेत.

आजचा विषय तुमच्याकडूनच आलाय. गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणांनी साधारण एकच प्रश्न विचारला: "दादा, आत्ताच टीम लीडर झालोय. हाताखाली बारा-पंधरा माणसं आहेत, त्यातली निम्मी माझ्यापेक्षा वयानं मोठी. लीडर म्हणून नेमकं काय करायचं असतं?"

नेटवर शोधलं तर याची शंभर उत्तरं मिळतात. पहाटे पाचला उठा, आत्मविश्वासाने बोला, व्हिजन ठेवा. यातलं काही चुकीचं नाही. पण वाळूजच्या शेडमध्ये रात्री अडीच वाजता व्हिजन कामाला येत नाही. तिथे काय कामाला येतं ते मला फार महागात कळलं. माझ्यापेक्षा दुसऱ्या एका मुलाला जास्त महागात पडलं. म्हणून आधी तो किस्सा.

"सांगून काय झालं होतं?"

मी तेव्हा चोवीस वर्षांचा. डिप्लोमा झालेला, दोन वर्षं लाइनवर काढलेली आणि नुकताच सुपरवायझर झालेलो. वाळूजमधली एक व्हेंडर कंपनी, प्रेस शॉप. मोठ्या गाड्यांच्या कंपनीला पत्र्याचे छोटे पार्ट पुरवायचो. रोज संध्याकाळी मालाची गाडी निघायची आणि त्या गाडीची वेळ चुकली की फोन माझ्याच खिशात वाजायचा.

आमच्याकडे एक जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. पंचवीस वर्षं प्रेसवर. एका दुपारी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, तीन नंबरचा आवाज वेगळा येतोय. डाय एकदा बघून घ्या." मी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणालो, "मामा, आधी गाडी लोड होऊ द्या. मग बघू." ते "बरं" म्हणाले आणि गेले. मी नंतर काही बघितलं नाही. डायला काही झालंही नाही, त्यामुळे मला वाटलं, बघा, माझंच बरोबर होतं.

पुढच्या आठवड्यात एका पोराने सांगितलं की रॅकमध्ये दोन बॅचचा माल मिसळलाय. मी सगळ्यांसमोर विचारलं, "कोणी केलं?" तो खाली बघायला लागला. सांगणारा तोच होता आणि करणाराही तोच निघाला. मी त्याला चांगलाच झापला.

त्यानंतर दोन-तीन आठवडे माझ्याकडे एकही तक्रार आली नाही. मी खूश! वाटलं, शॉप कंट्रोलमध्ये आलं.

मग एके रात्री पाच नंबरच्या प्रेसवर एका पोराचा हात सापडला. एकोणीस वर्षांचा, कॉन्ट्रॅक्टवर लागलेला, गावाकडून येऊन बजाजनगरात चौघांत एक खोली करून राहणारा. उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशा प्रेसवर समोर प्रकाशकिरणांचा एक न दिसणारा पडदा असतो. हात आत गेला, किरण अडला, की प्रेस थांबते. पाच नंबरचा तो सेन्सर आठवडाभर मधूनच उगाच ट्रिप व्हायचा. प्रेस बंद पडायची, काउंट कमी यायचा. शेवटी कोणीतरी तो बायपास करून टाकला. शॉपमधल्या जवळपास सगळ्यांना हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला.

दुसऱ्या दिवशी मी मामांना बाजूला घेतलं. "मामा, तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

ते शांतपणे म्हणाले, "सांगून काय झालं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सेन्सर मी बायपास केला नव्हता, हे खरं. पण ज्या रस्त्याने ती बातमी माझ्यापर्यंत आली असती, तो रस्ता मीच बंद केला होता. एकदा मान वर न काढून आणि एकदा "कोणी केलं" विचारून. एवढंच पुरलं.

तेव्हापासून कोणताही लीडर बघितला की मी मनात एकच प्रश्न विचारतो: याच्यापर्यंत वाईट बातमी किती वेळात पोचते? पाच मिनिटांत, पाच दिवसांत, की अपघात झाल्यावर? आजच्या भागातल्या सगळ्या सवयी या एका प्रश्नाभोवती आहेत.

सवय पहिली: थांबवणाऱ्याला शाबासकी

आपल्या शहराला मागाची ओळख आहे. इथला हिमरू, शेजारच्या पैठणची पैठणी. विणणाऱ्याला विचारा, धागा तुटल्यावर तसंच पुढे विणत गेलं तर काय होतं? कापडात दोष राहतो, आणि पुढे जितकं जास्त विणाल तितकं जास्त उसवावं लागतं.

जपानमध्ये साकिची टोयोडा नावाच्या माणसाने याच अडचणीवर काम केलं. १९२४ साली त्याच्या कंपनीचा जो स्वयंचलित माग आला, तो धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्यामुळे एकच कामगार एका वेळी अनेक माग सांभाळू शकत होता. पुढे याच घराण्याने मोटारी बनवायला सुरुवात केली आणि टोयोटा उभी राहिली. मागाची कल्पना त्यांनी तिथेही नेली, पण थांबवण्याचा हक्क माणसाला दिला. लाइनवर प्रत्येक कामगाराच्या डोक्यावर एक दोरी. काही गडबड दिसली की ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर तिथे येतो आणि दोघं मिळून बघतात. ठरलेल्या वेळात सुटलं नाही तर लाइन थांबते. या व्यवस्थेला अँडॉन म्हणतात. आता बऱ्याच ठिकाणी दोरीच्या जागी बटण असतं. तुमच्या मशिनवर लाल-पिवळा-हिरवा दिवा असेल, तर तो याच कुटुंबातला.

ही गोष्ट आपल्यापासून लांबचीही राहिलेली नाही. २०२४ च्या जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्करने आपल्या ऑरिकमध्ये कारखाना उभारण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. उद्या तुमच्यापैकी कोणी तिथे असेलही.

पण नीट ऐका. दोरी लावणं सोपं आहे. लावली की कोणीही ओढेल असं नाही. दोरी ओढल्यावर येणारा लीडर मदतीला येतो की ओरडायला, हे कामगार पहिल्या दोन वेळांत बघून घेतात. तिसऱ्या वेळी ओढायची की नाही, ते त्यांचं आधीच ठरलेलं असतं. आमच्या शॉपमध्येही लाल दिवा होताच. तो लावायची कोणाची हिंमत नव्हती, एवढंच.

म्हणून वाईट बातमी घेऊन कोणी आलं की पहिलं वाक्य ठरवून ठेवा: "बरं झालं सांगितलंत." मनातून कितीही वैतागलेले असा. दुसरं वाक्य: "आत्ता कोणाला धोका आहे का?" आणि तिसरं: "चला, दाखवा." कोणी केलं हा प्रश्न या तिघांत नाही. तो नंतर येईल, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा "का झालं" विचारलं की त्याची गरजच उरत नाही.

सवय दुसरी: शांतता म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका

एमी एडमंडसन या अमेरिकेतल्या संशोधक. १९९० च्या दशकात त्यांनी हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला. प्रश्न सरळ होता: चांगल्या टीमकडून औषधं देताना चुका कमी होतात का? आकडे आले आणि त्या चक्रावल्या. ज्या टीम चांगल्या मानल्या गेल्या होत्या, तिथेच चुकांच्या नोंदी जास्त!

चांगल्या टीम जास्त चुकतात की काय? तसं नव्हतं. तिथली माणसं चुका लपवत नव्हती. बाकीच्या ठिकाणी चुका होतच होत्या, पण कागदावर येत नव्हत्या. नर्सला भीती होती की सांगितलं तर आपलीच चौकशी होईल. पुढे एडमंडसन यांनी १९९९ मध्ये यावर शोधनिबंध लिहिला. 'इथे बोललं तर माझं नुकसान होणार नाही' असं टीममधल्या माणसाला वाटणं, याला सायकॉलॉजिकल सेफ्टी हे नाव त्यानंतर जगभर रुळलं.

आता माझे ते दोन-तीन आठवडे आठवा. एकही तक्रार नाही आणि मी खूश.

त्यामुळे प्रश्न विचारायची पद्धत बदला. "सगळं ठीक आहे ना?" याला आपल्याकडे एकच उत्तर असतं: "हो साहेब." कारण त्या प्रश्नातच उत्तर भरलेलं आहे. त्याऐवजी विचारा, "आज कुठे अडलं?" किंवा "उद्या कुठल्या मशिनचा भरवसा वाटत नाही?" अशा प्रश्नाला नुसतं हो म्हणता येत नाही. माणूस थोडा विचार करतो आणि काहीतरी सांगतो.

आणखी एक, खास आपल्याकडचं. शॉपमध्ये आपण कोणाला अहो म्हणतो आणि कोणाला अरे? परमनंट असेल तर "अहो काका", कॉन्ट्रॅक्टवाला असेल तर "ए, इकडे ये." वय तेच, काम तेच. ज्याला तुम्ही नावाने हाकही मारत नाही, त्याने तुमच्याकडे येऊन मशिन बिघडल्याचं सांगावं, ही अपेक्षा जरा जास्तच आहे, नाही का? त्याला तर उद्या गेटवर पास अडवला जाईल याचीही भीती असते. नाव पाठ करा. यासाठी कुठलं ट्रेनिंग लागत नाही.

सवय तिसरी: सांगणाऱ्याला उत्तर मिळालंच पाहिजे

वाळूजच्या जवळच पाटोदा नावाचं गाव आहे. भास्करराव पेरे पाटील तिथे सरपंच होते. त्यांची भाषणं तुमच्यापैकी अनेकांनी मोबाइलवर बघितली असतील, हसतहसत. हसताहसता त्यातली एक गोष्ट आपल्या हातून निसटते.

ग्रामपंचायतीचा कर गोळा करणं म्हणजे सगळीकडेच डोकेदुखी. लोक म्हणतात, भरून काय मिळतं? पाटोद्याने याचं उत्तर दिलं ते पिठाच्या गिरणीवर. जो कर पूर्ण भरेल त्याला दळण फुकट. आता दळण ही काही कागदावरची योजना नाही. घरातल्या बाईला ते दर आठवड्याला दिसतं, डब्यात दिसतं. भरलं आणि परत काय आलं, याचा हिशोब घरातल्या प्रत्येकाला समजतो.

माहितीचंही तसंच असतं. टीममधला माणूस तुम्हाला बातमी सांगतो म्हणजे तो काहीतरी देतो. थोडी जोखीम घेऊन देतो. परत काहीच आलं नाही तर पुढच्या वेळी तो का देईल? मामांचा प्रश्न हाच होता.

दर वेळी मागणी मान्यच करा असं नाही. पण उत्तर द्या. आमच्याकडे अपघातानंतर मी एक साधी गोष्ट सुरू केली. भिंतीवर एक पांढरा बोर्ड. कोणी काय सांगितलं, ते कधी बघणार, काय झालं, असे तीन रकाने. शिफ्ट सुटायच्या आत प्रत्येक ओळीला काहीतरी उत्तर. "झालं", "मेंटेनन्सला गुरुवारी", किंवा "या महिन्यात होणार नाही, पार्ट आलेला नाही." नाही म्हटल्यावर लोक चिडतात असं आपल्याला वाटतं. मी जे बघितलं त्यात लोक "नाही" ऐकून घेतात, उत्तरच न मिळणं त्यांना सहन होत नाही.

पहिले दहा दिवस बोर्ड कोराच होता. अकराव्या दिवशी एक ओळ आली: "पाण्याचा कूलर गळतोय." मी त्याच दिवशी प्लंबर बोलावला. कूलर महत्त्वाचा नव्हता, ते मला तपासून बघत होते. त्यानंतर दुसऱ्या आठवड्यात मशिनबद्दलची पहिली ओळ आली. अक्षर मामांचं होतं.

सवय चौथी: अपयश आपल्या नावावर, यश टीमच्या नावावर

ही गोष्ट अनेकांना माहीत आहे, पण तिचा एक भाग आपण विसरतो.

१० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-३ रॉकेटचं पहिलं उड्डाण. प्रकल्प संचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. उड्डाणाच्या आधी कॉम्प्युटरने उलटी मोजणी थांबवली, काहीतरी गडबड असल्याचं दाखवलं. तज्ज्ञांनी आकडेमोड करून सांगितलं, चिंता नको. कलाम यांनी कॉम्प्युटर बाजूला ठेवून उड्डाणाचा निर्णय घेतला. रॉकेट काही मिनिटांत बंगालच्या उपसागरात कोसळलं. हे सगळं कलाम यांनी नंतर स्वतःच अनेकदा सांगितलंय.

म्हणजे बघा, इशारा आला होता आणि तो बाजूला ठेवला गेला होता. माझ्या तीन नंबरच्या प्रेससारखाच, फक्त खूप मोठ्या पातळीवर.

पत्रकार वाट बघत होते. इस्रोचे अध्यक्ष होते सतीश धवन. कलाम यांना पुढे करणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी तसं केलं नाही. स्वतः पत्रकारांसमोर बसले, अपयशाची जबाबदारी घेतली आणि टीमवर विश्वास असल्याचं सांगितलं. पुढच्याच वर्षी, १८ जुलै १९८० ला, एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. त्या दिवशी धवन यांनी पत्रकार परिषद घ्यायला कलाम यांना पुढे पाठवलं.

आपण ही गोष्ट मोठेपणाची म्हणून सांगतो. ती आहेच. पण तिच्यात कामाचा मुद्दाही आहे. त्या अकरा महिन्यांत टीमला काय करायचं होतं? कुठे चुकलं ते शोधायचं होतं. आणि चूक शोधायची तर माणसांनी खरं बोलायला हवं. वरचा माणूस बळीचा बकरा शोधतोय असं दिसलं असतं, तर प्रत्येकाने आधी आपला कागद सांभाळला असता. धवन यांनी दोष स्वतःवर घेतल्यामुळे टीमला चुकीवर बोलायला जागा मिळाली.

आपल्या पातळीवर याचा अर्थ साधा आहे. मॅनेजरच्या मीटिंगमध्ये रिजेक्शनचा आकडा आला की "आमच्या ऑपरेटरने..." अशी सुरुवात करू नका. "माझ्या लाइनवर हे झालं, आम्ही असं सुधारतोय" एवढंच म्हणा. ही बातमी चहाच्या टपरीपर्यंत अर्ध्या तासात पोचते, माझा अनुभव आहे. आणि चांगलं झालं तर नाव घेऊन सांगा, मीटिंगमध्येही.

"पण मग सगळे डोक्यावर बसतील!"

हा प्रश्न येणारच. मऊ राहिलं तर शिस्त कशी राहणार?

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. चूक झाली आणि सांगितली, तर शिक्षा नाही. चूक झाली आणि लपवली, किंवा सेफ्टी मुद्दाम बायपास केली, तर माफी नाही. हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगा आणि तुमच्या लाडक्या माणसालाही तोच लावा. मऊपणाचा इथे संबंधच नाही. उलट हे जास्त कडक आहे, कारण "मला माहीत नव्हतं" ही पळवाट कोणालाच राहत नाही, तुम्हालाही नाही.

आणि हो, किंमत मोजावी लागते. सेन्सर ट्रिप होतोय म्हणून प्रेस थांबवली तर त्या दिवशी काउंट कमी येणार. वरून फोन येणार. तो फोन तुम्ही घ्यायचा, ऑपरेटरने नाही. सुपरवायझरचा पगार थोडा जास्त असतो तो याच फोनसाठी, असं मी आता मानतो.

आणि तुम्ही अजून लीडर नसाल तर?

तर बातमी वर कशी द्यायची, हे शिकून घ्या. काय दिसलं, कधीपासून दिसतंय, त्याने काय होऊ शकतं आणि तुमच्या मते काय करावं, एवढं दोन-तीन वाक्यांत. "साहेब, पाच नंबरचा सेन्सर सोमवारपासून उगाच ट्रिप होतोय. कोणीतरी बायपास करेल. आज मेंटेनन्सला बोलवू का?" असं बोललेलं उडवून लावणं अवघड असतं. तोंडी सांगून झालं की लॉगबुकमध्ये किंवा मेसेजवरही टाका. आणि हात जाण्याचा धोका असेल तर आधी मशिन बंद करा, परवानगी नंतर.

तो मुलगा आता कुठे आहे, असं रेकॉर्डिंगच्या वेळी मला विचारलं गेलं. त्याने ती नोकरी सोडली. त्याच्या ड्रेसिंगच्या वेळी मी दोनदा सोबत गेलो होतो. तो माझ्यावर चिडला नव्हता, उलट "साहेब, माझंच लक्ष नव्हतं" म्हणत होता. मला त्याचं ते वाक्य मामांच्या वाक्यापेक्षाही जास्त लागलं.

तर या आठवड्यात एकच काम करा. उद्या शिफ्टवर गेलात की टीममधल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाकडे जा, नावाने हाक मारा आणि विचारा, "आज कुठे अडतंय?" मग गप्प राहा. तो लगेच काही बोलणार नाही, कदाचित "काही नाही" म्हणेल. परवा पुन्हा विचारा. आणि ज्या दिवशी तो काही सांगेल, त्या दिवशी मोबाइल खिशात ठेवा आणि त्याच्याबरोबर मशिनपर्यंत चालत जा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या आणि हात सांभाळा.